अँबॅसेडरला इसुझूचा गिअरबॉक्स, मीटर मात्र साठला त्रेचाळीस दाखवतो

अँबीवेडा (पुणे) | सोमवार, रात्री १०:१२

मंडळी, गाडी १९७२ची मार्क २. जुनं १४८९ सीसीचं इंजिन दमलं होतं, म्हणून कॉन्टेसाचं जपानी इसुझू १८१७ सीसी आणि त्याच्यासोबतचा पाच गिअरचा बॉक्स बसवून घेतला. स्टिअरिंगवरचा गिअरचा दांडा जाऊन खाली जमिनीवर आला. मागचं डिफरन्शियल (शाफ्टच्या फेऱ्या मागच्या चाकांना देणारी गिअरपेटी) जुनंच आहे, टायर १५ इंची रेडियल. गाडी झकास पळते, तक्रार नाही.

तक्रार मीटरची आहे. मोबाइलवर जीपीएसने ६० दाखवलं की मीटरचा काटा ४३च्या आसपास. ८०ला ५७. मीटर मूळचाच ठेवलाय, डायल इतकी सुंदर आहे की बदलायची इच्छा नाही. केबल नवी करून घेतली, एका टोकाला इसुझूची नट, दुसऱ्या टोकाला जुन्या मीटरची.

फिटर म्हणतो, पाचवा गिअर आला की असं होणारच. एका मीटर दुरुस्तीवाल्याकडे गेलो (नाव लिहीत नाही), त्याने काटा उपसून पुढे सरकवून दाबला. आता ६०ला बरोबर ६० दाखवतो, पण गाडी उभी असताना काटा १७वर, आणि ३०ला जवळजवळ ३९. म्हणजे पार्किंगमध्येही माझी गाडी सतराच्या वेगाने पळतेय. पैसे घेतले ते वेगळेच.

हे नीट कसं करायचं?

---

घाटवाट | सोमवार, रात्री १०:४०

मोबाइल स्टँडला लावा आणि विषय सोडा. मी चार वर्षं तेच करतोय.

---

काळीपिवळी (मुंबई) | सोमवार, रात्री ११:०५

फिटर बरोबर बोलतोय. पाचव्या गिअरला इंजिन कमी फिरतं आणि गाडी जास्त पळते, म्हणून मीटर मागे राहतो. आमच्या पद्मिनीला ११८ एनई गाडीचा बॉक्स लावला तेव्हाही मीटर बिघडला होता. त्या वेळी आम्ही डायलवर पांढऱ्या पेनाने खुणा केल्या. टॅक्सीत वेगाचा मीटर बघतो कोण, भाड्याचा चालला म्हणजे झालं.

---

मीटरमधला | मंगळवार, सकाळी ७:३०

काळीपिवळी, तुमचा अनुभव खरा, कारण चुकीचं. जरा सविस्तर लिहितो, कारण हा गैरसमज निम्म्या गॅरेजांत आहे.

मीटरची केबल इंजिनावर नसते, आणि गिअरच्या आतल्या जोड्यांवरही नसते. ती असते बॉक्सच्या शेपटीला, बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर. त्या शाफ्टवर एक मळसूत्री गिअर असतो आणि त्याला आडवा लागणारा एक छोटा, बहुतेक वेळा प्लास्टिकचा, दातेरी गिअर. तो केबल फिरवतो. आता बघा, बॉक्समधून बाहेर आलेला हा शाफ्ट थेट डिफरन्शियलला जोडलेला. गाडी पहिल्यात असो वा पाचव्यात, शाफ्टची एक फेरी म्हणजे चाकाचा ठरावीक तुकडा. गिअर बदलला तर इंजिनाचा आवाज बदलेल, शाफ्ट आणि चाकाचं नातं बदलत नाही. अँबीवेडा, खात्री करायची असेल तर ४०ला चौथ्यात आणि ४०ला पाचव्यात चालवून बघा. काटा तोच आकडा दाखवेल, चूकही तेवढीच.

मग बिघडतं काय? तीन गोष्टींची साखळी आहे. शेपटीतल्या त्या दोन छोट्या गिअरांचं गुणोत्तर, डिफरन्शियलचं गुणोत्तर, आणि टायरचा घेर. तिन्ही मिळून ठरतं की गाडी एक किलोमीटर गेली की केबल किती फेऱ्या फिरते. आणि मीटर बनवणाऱ्याने आत ठरवून ठेवलेलं असतं की इतक्या फेऱ्या म्हणजे एक किलोमीटर. हे दोन आकडे जुळले की मीटर बरोबर. तुम्ही बॉक्स बदललात, म्हणजे शेपटीतली ती जोडी बदलली. पाच गिअर असण्याशी काही संबंध नाही. उद्या दुसऱ्या गाडीचा चार गिअरचा बॉक्स लावलात तरी हेच झालं असतं.

कुठल्याही दुरुस्तीला हात लावण्याआधी एक परीक्षा. वेग दाखवणारा काटा आणि किलोमीटर मोजणारे आकडे एकाच केबलवर चालतात, पण दोघांची यंत्रणा वेगळी. आकडे निव्वळ दातांवर चालतात, त्यांना चुकायला जागाच नाही. काटा मात्र दातांवर नाही. केबल एक चुंबक फिरवते, चुंबकाभोवती ॲल्युमिनियमची वाटी, दोघांचा स्पर्श नाही. फिरणाऱ्या चुंबकामुळे वाटीत विजेचे भोवरे उठतात, वाटी ओढली जाते, आणि केसासारखी बारीक स्प्रिंग तिला मागे धरून ठेवते. या ओढाताणीत वाटी जिथे थांबेल तिथे काटा. म्हणून चुंबक म्हातारा झाला, स्प्रिंग ताणली गेली किंवा वाटीत तेल शिरलं, तर काटा चुकतो आणि आकडे बरोबर राहतात.

तर हायवेच्या दगडांवर दहा किलोमीटर मोजा. आकडेही दहाला सातच धावले तर दोष दातांचा, आणि काट्याला हात लावणं हा निव्वळ मूर्खपणा. आकडे दहाला दहा आणि काटा चुकीचा, तर दोष मीटरच्या डोक्यात.

तुमच्या त्या दुरुस्तीवाल्याने जे केलं त्याला दुरुस्ती म्हणत नाहीत. चूक गुणाकाराची होती, त्याने बेरीज केली. सगळीकडे सतरा मिळवले की एकाच वेगाला जुळणार, बाकी सगळीकडे चुकणार. काटा आधी पहिल्या जागी आणून घ्या.

---

शिरस्तेदार | मंगळवार, सकाळी ९:१५

माझं नावडतं मत नोंदवतो. १९७२ची गाडी म्हणजे पन्नास वर्षं उलटली. २०२१च्या नियमांनुसार व्हिंटेज म्हणून नोंदवून ‘व्हीए’ मालिकेचा नंबर घेता आला असता, पण त्यासाठी चॅसी, बॉडी आणि इंजिन मूळचं लागतं. इसुझू घातलंत आणि तो रस्ता बंद केलात. आता डायल मूळची ठेवून काय साधणार? शिवाय इंजिन बदललं की मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली आरसी बुकात नोंद लागते, ती केलीय ना?

---

अँबीवेडा | मंगळवार, दुपारी १:२०

शिरस्तेदार साहेब, नोंद केलीय. व्हीए नंबर मला नकोच होता, मला ही गाडी घेऊन महाबळेश्वरला जायचंय, प्रदर्शनात उभी करायची नाही. डायल ठेवलीय कारण रोज माझ्या डोळ्यासमोर तीच असते.

मीटरमधला, तुम्ही सांगितलेलं चौथा-पाचवा करून बघितलं. काटा हलला नाही! फिटरला फोनवर सांगितलं तर म्हणाला, “असं कसं होईल?” आता त्याला गाडीत बसवूनच दाखवतो.

दगडांची परीक्षा उद्या सकाळी.

---

पुढचीसीट (रत्नागिरी) | मंगळवार, दुपारी ३:४५

मधेच विचारते, माफ करा. आमच्या घरी बाबांची जुनी महिंद्रा जीप आहे. तिला दुसऱ्या जीपचा चार गिअरचा बॉक्स घातला तेव्हा मीटर अजिबात बिघडला नाही. मोठे टायर टाकले तेव्हा मात्र बिघडला. बाबा म्हणतात, आपली जीप नशीबवान.

---

मीटरमधला | मंगळवार, संध्याकाळी ६:१०

ताई, नशिबाचा भाग नाही यात. त्या जुन्या जीपमध्ये मीटरची केबल मुख्य बॉक्सला नसतेच, ट्रान्सफर केसच्या (बॉक्समागची, ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणारी पेटी) मागच्या बाहेर पडणाऱ्या शाफ्टवर असते. पुढचा बॉक्स कितीही बदला, ट्रान्सफर केस तीच राहिली तर मीटरला पत्ताही लागत नाही. लो रेंजमध्ये (त्या पेटीतल्या सावकाश, जास्त ओढीच्या गिअरमध्ये) टाकलीत तरी मीटर बरोबरच. टायर मोठे केलेत म्हणजे चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त जाते, म्हणून मीटर कमी दाखवतो. बाबांना सांगा, काट्यावर दिसतंय त्यापेक्षा जीप जोरात चाललीय.

जुन्या फोक्सवॅगन बीटलमध्ये तर आणखी गंमत. केबल थेट डाव्या पुढच्या चाकातून येते, धुळीच्या टोपणाला अडकवलेली. तिथे गिअरबॉक्स, डिफरन्शियल, कशाचाच संबंध नाही, फक्त पुढच्या टायरचा घेर. म्हणून कुठल्याही गाडीचं मीटर दुरुस्त करण्याआधी पहिला प्रश्न: केबल निघते कुठून?

---

अँबीवेडा | बुधवार, सकाळी ११:५०

मोजलं. दगडांवर दहा किलोमीटरला आकडे सात पार करून सव्वासातच्या थोडं अलीकडे. काटा सरकवण्याआधी जेवढा मागे होता, आकडेही तेवढेच मागे. म्हणजे दोष दातांचा, बरोबर?

---

मीटरमधला | बुधवार, दुपारी २:००

बरोबर. आता दोन आकडे हवेत.

पहिला, गाडी केबलला किती फेऱ्या देते. याला डिफरन्शियलचं गुणोत्तर, दातांची संख्या, काहीच माहीत असण्याची गरज नाही. टायरमध्ये हवा नेहमीएवढी भरा. मीटरच्या मागून केबल सोडवा, आतल्या तारेच्या टोकाला कागदाचा छोटा झेंडा चिकटवा. सपाट, सरळ रस्त्यावर टेपने ५० मीटर मोजून दोन खडूच्या रेघा मारा. गाडी न्यूट्रलमध्ये, कुणीतरी ड्रायव्हरच्या जागी बसलेलं (वजनाने टायर दबतो, तेही मोजमापात यायला हवं), आणि दोघांनी सावकाश ढकलायची. आत बसलेल्याने झेंड्याच्या फेऱ्या मोजायच्या. शेवटची अर्धी, पाव फेरीही धरायची. आकड्याला २० ने गुणलं की किलोमीटरच्या फेऱ्या.

दुसरा, मीटरला किती फेऱ्या हव्यात. डायलच्या तळाशी भिंग लावून बघा. जुन्या इंग्लिश स्मिथ्स मीटरांवर मैलाच्या फेऱ्यांचा आकडा बारीक अक्षरांत असतो, १०००, १२८०, १४४० असा काहीतरी. जर्मन मीटरांवर ‘डब्ल्यू’ आणि पुढे दशांश, म्हणजे एक मीटर अंतराला किती फेऱ्या. जपानी पद्धतीत किलोमीटरला ६३७ हा ठरलेला आकडा आहे, अमेरिकी पद्धतीत मैलाला १०००, म्हणजे किलोमीटरला ६२१. तुमच्या डायलवर काही नसेल तर मीटर काढून टेबलावर फिरवावा लागेल.

---

उद्यमनगरी (कोल्हापूर) | बुधवार, रात्री ९:३०

टेबलावर कशाला, लेथ हाय की! आमच्याकडं मीटर आला की जुन्या केबलचा तुकडा लेथच्या चकात धरतो, दुसरं टोक मीटरात. टॅकोमीटर लावला की फेऱ्या कळत्यात, आणि मोबाइलवर वेळ लावून आकडा कधी पलटतो ते बघायचं. फक्त फिरायची दिशा तपासा. उलटं फिरवलं तर काटा खुंटीवर जाऊन आदळतो. लेथ नसंल तर बॅटरीचं ड्रिल चालतंय, पण चाप एकसारखा दाबून धरायला हात पाहिजे.

---

लेकमिशिगन (डेट्रॉइटजवळ) | गुरुवार, पहाटे ५:१० (इकडे अजून बुधवारच आहे)

माझी १९६६ची मस्टँग, २८९ इंजिन. मूळचा सी४ ऑटोमॅटिक काढून टी५ हा पाच गिअरचा हाताने टाकायचा बॉक्स बसवला, आणि त्याच वेळी मागच्या डिफरन्शियलचं गुणोत्तर २.८० वरून ३.५५ केलं. इकडे हा बदल इतके लोक करतात की त्याचं सगळं तयार मिळतं. फोर्डमध्ये शेपटीतला बाहेरचा छोटा गिअर एका बोल्टवर निघतो, पाच मिनिटांचं काम. आणि दात्यांप्रमाणे रंग: १८ दाते पिवळा, २० काळा, २१ लाल.

हिशेब असा. शाफ्टवरच्या गिअरचे दाते गुणिले डिफरन्शियलचं गुणोत्तर गुणिले टायरच्या मैलाला फेऱ्या, भागिले १०००. माझे ७ × ३.५५ × ८३० ÷ १००० = २०.६. साडेवीस दात्यांचा गिअर कुणी बनवत नाही! २१ टाकला तर मीटर दोन टक्के कमी दाखवणार, २० टाकला तर तीन टक्के जास्त. मी काळा टाकला. पोलिसाने थांबवल्यावर “माझा मीटर कमी दाखवतो” हे सांगण्यापेक्षा तीन टक्के हळू जाणं परवडतं.

एक सावधगिरी. काही टी५ मध्ये आतल्या शाफ्टवरचा गिअर ७ ऐवजी ८ दात्यांचा असतो. मग तोच हिशेब २३.६ वर जातो आणि त्या आकाराचा बाहेरचा गिअर मिळत नाही. २३चा मिळतो, पण तो लवकर झिजतो अशी त्याची ख्याती आहे. तेव्हा शेपूट उघडून आतला गिअर ७चा करावा लागतो.

इसुझूसाठी असे वेगवेगळ्या दात्यांचे गिअर तिकडे मिळतात का?

---

काळीपिवळी | गुरुवार, सकाळी ८:२०

मिळायला हा काय अमेरिकेचा बाजार आहे का! कुर्ल्याच्या सीएसटी रोडला इसुझूचा अख्खा बॉक्स मिळेल, पण “मीटरचा गिअर, दोन दाते कमी” म्हणालात तर तोंडाकडे बघतील.

आणि मीटरमधला, गुणाकार-बेरीज पटली. पद्मिनीला पेनाने खुणा केल्या होत्या त्या निदान गुणाकाराने केल्या होत्या, एवढं श्रेय द्या.

---

अँबीवेडा | शुक्रवार, रात्री ८:४५

मोजमापं:

सोसायटीच्या मागच्या रस्त्यावर ५० मीटर ढकलली. झेंड्याच्या ३२ फेऱ्या, दोन्ही बाजूंनी ढकलून तेवढ्याच. म्हणजे किलोमीटरला ६४०.

डायलवर आकडा काही सापडला नाही. काटा मूळ जागी बसवून घेतला आणि एका मित्राच्या वर्कशॉपमध्ये लेथवर फिरवला. किलोमीटरला ८९५च्या जवळपास फेऱ्या. काटाही बघितला: मिनिटाला ८९५ फेऱ्यांवर ६० दाखवायला हवा, ६२ दाखवतो. निम्म्या फेऱ्यांवर ३१.

---

मीटरमधला | शुक्रवार, रात्री १०:३०

व्वा, हे झालं काम. बघा कसं जुळतं. तुमचा बॉक्स देतो ६४०, जपानी पद्धतीच्या ६३७ला अगदी खेटून. म्हणजे इसुझूचा बॉक्स स्वतःच्या हिशेबाने बरोबर बोलतोय. आणि तुमचा मीटर मागतो ८९५, याला १.६०९ ने गुणा, मैलाला १४४०. जुन्या इंग्लिश परंपरेतला आकडा. दोघंही खरं बोलतायत, भाषा वेगळी आहे एवढंच. ६४० भागिले ८९५ म्हणजे ०.७१५, साठाला ४३. पहिल्या दिवशी तुम्ही हाच आकडा लिहिला होता.

काटा ६०ला ६२ दाखवतो ते सोडून द्या. युरोपात आर ३९ हा नियम आहे: मीटरने खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवायचं नाही, आणि जास्त दाखवायचं तर खऱ्याच्या दहा टक्के अधिक ४ किलोमीटर इथपर्यंत. म्हणजे खऱ्या ६०ला ७० दाखवणारा मीटरही तिथे पास होतो. तुमचे ६२ म्हणजे उत्तम तब्येत.

आता उपाय. केबलच्या फेऱ्या १.३९८ पट वाढवायला हव्यात. प्लास्टिकचा छोटा गिअर बदलून ते होणार नाही. दाते जवळजवळ साडेअठ्ठावीस टक्के कमी करावे लागतील, गिअर बारीक होईल आणि शाफ्टवरच्या गिअरला पोचणारच नाही. लेकमिशिगन यांच्यासारखा एक-दोन दात्यांचा फरक असता तर गोष्ट निराळी.

जुन्या डायलमागे इसुझूच्या काळातल्या मीटरचं यंत्र बसवता येतं, ६३७ वालं. डायलची भोकं, काट्याची दांडी, आकड्यांच्या खिडकीची जागा, सगळं जुळवावं लागतं. चांगला कारागीर करतो, वाईट कारागीर डायल ओरखडून ठेवतो. तुमचा आधीचा अनुभव बघता मी म्हणेन, नको.

जीपीएसवर चालणारी डबी मिळते, तिच्यातली मोटर केबल फिरवते आणि मीटरला कळतही नाही. गिअरबॉक्सशी संबंधच उरत नाही, बटणाने हवं ते गुणोत्तर. पण बोगद्यात सिग्नल गेला की काटा गडबडतो, आणि किंमत बोचते.

मला पसंत आहे ती गुणोत्तराची डबी. केबलच्या वाटेत बसणारी, आत साधे गिअर. मीटरला धक्का नाही, बॉक्सला धक्का नाही, उद्या काढून टाकली तर सगळं पूर्ववत.

---

घाटवाट | शुक्रवार, रात्री ११:००

२५ आणि १८ दात्यांचे दोन गिअर, १.३८९. झाली डबी. एवढं काय.

---

उद्यमनगरी | शनिवार, सकाळी ७:०५

घाटवाट भाऊ, दोन गिअर लावलं की दिशा उलटली! केबल उजवीकडं फिरत असंल तर मीटर डावीकडं फिरणार, काटा शून्याच्या खाली खुंटीला चिकटून बसणार आणि आकडं मागं पळणार. जुन्या गाड्या विकणाऱ्यांना बरं वाटंल, पण आपल्याला नको.

दोन जोड्या पाहिजेत. आत येणाऱ्या दांडीवर २६ दाते, ते वरच्या मधल्या दांडीवरच्या २२ला लागणार. त्याच मधल्या दांडीवर दुसरा २६चा, तो खाली बाहेर जाणाऱ्या दांडीवरच्या २२ला लागणार. दोनदा उलटं म्हणजे सुलटं. आणि दोन्ही जोड्यांची बेरीज ४८, म्हणून आत येणारी आणि बाहेर जाणारी दांडी एका रेषेत बसती. मॉड्यूल (दात्याचं माप) १ धरलं तर दोन दांड्यांमधलं अंतर २४ मिमी. हिशेब करा: २६ भागिले २२, त्याचा वर्ग, १.३९७. तुम्हाला पाहिजे १.३९८. सहाशे चाळीसाला ८९४ मिळतील. आणखी काय पाहिजे?

गिअर पितळी करतो, दांड्या ईएन ८ पोलादाच्या, बुश गनमेटलचं. तुमच्या केबलच्या दोन्ही टोकांचा नमुना पाठवा.

---

मीटरमधला | शनिवार, सकाळी ९:००

नमस्कार आहे तुम्हाला. एकच भर: डबी वेग वाढवते म्हणजे मीटरचा अडथळाही तेवढ्याच पटीने मागे, बॉक्समधल्या त्या प्लास्टिकच्या दात्यांवर येणार. मीटरचं डोकं जड फिरत असेल तर दाते खाल्ले जातील. म्हणून डबी लावण्याआधी डोक्यातला जुना वाळलेला चिकटा धुऊन घ्या. केबलला ग्रीस पातळ थर, आणि मीटरकडची वरची वीतभर कोरडी ठेवा. फिरणारी तार ग्रीस वर चढवते, ते वाटीत गेलं की काटा झोपतो नाहीतर एकदम शंभरावर जातो.

---

शिरस्तेदार | शनिवार, सकाळी १०:१०

मूळ मीटर, मूळ डायल शाबूत, आणि बदल काढता येण्याजोगा. हे मला मान्य आहे. ओडोमीटरबद्दल तेवढी एक वही ठेवा: कोणत्या तारखेपर्यंतचे आकडे कमी धावले ते लिहून ठेवा. उद्या गाडी विकलीत तर घेणाऱ्याला कळायला हवं.

---

अँबीवेडा | तीन आठवड्यांनी, रविवार, दुपारी ४:३०

डबी आली, बसली. फायरवॉलला (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याला) आतल्या बाजूने एक पट्टी मारून तिच्यावर कसली, खालून एक केबल, वर मीटरकडे एक आखूड केबल. डबी अंगठ्याने फिरवून बघितली तर लोण्यासारखी फिरते. उद्यमनगरी, तुमच्या हाताला सलाम. पितळी गिअर झाकणाआड गेले याचंच वाईट वाटतंय.

निकाल: जीपीएस ६० ला काटा ६२, ८० ला ८३. दगडांवर दहा किलोमीटरला आकडे दहा, शेवटचा आकडा दगडाशीच पलटला. फिटरला शेजारी बसवून चौथा-पाचवा दाखवला. गप्प बसला, मग म्हणाला, “हा मीटरच वेगळा असेल.”

एक बारीक दुखणं उरलंय. २५-३०च्या खाली काटा थरथरतो. वर गेला की स्थिर.

---

मीटरमधला | रविवार, संध्याकाळी ७:१५

वरच्या आखूड केबलला बाक किती आहे ते बघा. पंधरा सेंटिमीटरपेक्षा कमी त्रिज्येचा बाक असेल तर आतली तार अडखळत फिरते, साठवून साठवून सोडते, आणि कमी वेगाला ते काट्यावर दिसतं. डबी दोन-तीन इंच खाली सरकवा. तरीही थरथरला तर तार बाहेर काढून सपाट काचेवर लोळवा. जिथे उडी मारेल तिथे ती वाकलेली आहे.

आणि टायर बदलाल तेव्हा तोच घेर घ्या. नवा टायर आणि पार झिजलेला टायर यांत दोनएक टक्क्यांचा फरक तसाही पडतो, त्याची काळजी करू नका.

---

पुढचीसीट | रविवार, रात्री ९:००

बाबांनी पूर्ण धागा वाचला. आज अंगणात जीप ढकलून झाली, मी झेंडा मोजायला आत. आमची गाडी देते ५६०, आणि मीटरवर बारीक अक्षरांत ६२१ लिहिलंय. म्हणजे १.१०९ हवं. उद्यमनगरी काका, होईल का?

---

उद्यमनगरी | रविवार, रात्री ९:४०

होतंय की. २० ला १९, अशा दोन जोड्या, १.१०८. बेरीज दोन्हीकडं ३९, रेषेत बसंल. केबलच्या आतल्या तारेचा चौरस किती मिमीचा ते व्हर्निअरनं मोजा, आणि दोन्ही टोकांच्या नटांचे आटे पण. टेपनं मोजू नका ताई, मागच्या वेळी एकानं टेपनं मोजून पाठवलं, दोनदा बुश करावं लागलं. टायर अजून बदलायचे असतील तर आधी ते बदला, मग डबी सांगा.